फक्त वाचण्यापुरतं

डिचोलीच्या कचेरीत आता सगळे एसी बंद,
सर्व्हरच्या खोलीतला तेवढा चालू.
खाण थांबली म्हणून यंत्राला ताप येऊन चालत नाही.

वरून यादी आली. एकशे त्रेचाळीस नावं.
काटा, जेटी, कॅन्टीन, डिझेलपंप, गेटवरचे राखणदार.
शेरा सगळ्यांपुढे एकच : परवानग्या काढून घ्याव्यात.
काढून घ्यायला माझ्या यंत्रात एक शब्द पुरतो
आणि शेवटी अर्धविराम.
देताना निदान विचारलं तरी जायचं,
किती, कुठवर, कुणाच्या सहीनं.

दिल्या मीच होत्या.
एकेक जण टेबलाशी उभा राहायचा, नखांत लाल माती,
मी म्हणायची, पासवर्ड सांगू नका, टाइप करा.
डिझेलपंपावरच्या रुक्मांगद शेट्यानं बैलाचं नाव ठेवलं
आणि ते सगळ्या खोलीला ऐकवलं.
"बाय, हें गुपीत दवरपाचें काय?"
पुढे सहा महिने जो तो रुक्मांगद होऊन आत शिरत होता.
लेखापरीक्षक आला तेव्हा कळलं,
की हा गृहस्थ एकाच मिनिटाला
डिचोलीत, उसगावात आणि सारमानसच्या धक्क्यावर
डिझेल भरत होता.
हसलो होतो आम्ही. तेव्हा बार्जी भरून जात होत्या.

आता मी नाव घेते आणि कुलूप लावते.
पुसत नाही.
माणूस पुसला तर त्यानं लिहिलेल्या फेऱ्या पोरक्या होतात,
एवढा एक नियम आमच्याकडे बरा आहे.
आग्नेल. कुलूप.
रुक्मांगद. कुलूप. बैलासकट.

एकशे बेचाळीस झाली तेव्हा
नोंदवहीत मला तो दिसला.

सारमानस, काटा क्रमांक दोन. पुनाजी वेळूस्कर.
रोज सकाळी सहा दहा. प्रवेश.
एकच प्रश्न : आजच्या फेऱ्या?
उत्तर : शून्य ओळी.
बाहेर.
सव्वा वर्ष हेच. रविवारीही.
चवथीच्या दिवशी सात पाच,
गणपतीला फुलं वाहून आला असणार.

लिहिण्याचा त्याचा हक्क पहिल्याच महिन्यात गेला होता.
त्यानंतर एकदाच त्यानं करून पाहिलं :
एक टिप्पर, वजन नऊ टन आठशे किलो.
कुठला टिप्पर? रस्त्यावर तर गवत आलं होतं.
यंत्रानं सांगितलं, परवानगी नाही.
पुन्हा त्यानं कधी लिहायला हात लावला नाही.
बघतो फक्त.

आमच्या देवळात महाजनांची नावं ठरलेली,
पालखीला खांदा कुणाचा, गर्भकुडीच्या उंबऱ्याआत पाऊल कुणाचं,
सगळं लेखी आहे.
माझा बाप चौकातल्या तिसऱ्या खांबाशी उभा राहायचा,
चाळीस जत्रा.
पालखी जवळून गेली की हात जोडायचा, मग खाली सोडायचा.
त्याचं ते बघणं कुठल्याच वहीत नाही.
पुनाजीचं आहे.
मिनिटासकट, सेकंदासकट आहे,
आणि ती वही माझ्या ताब्यात आहे.

साहेबांचा फोन : झालं का?
झालं म्हटलं. एक सोडून.
का?
मी म्हटलं, वाचण्यापुरतंच आहे, काही बिघडत नाही.
ते म्हणाले, मग ठेवायचं कशाला?

याला उत्तर होतं, पण ते शेऱ्याच्या रकान्यात मावणारं नव्हतं.
रकाना साठ अक्षरांचा.
मी लिहिलं, तपासणीसाठी राखीव, मार्चअखेर.
खाली माझं नाव आपोआप उमटलं.

दुसऱ्या दिवशी मयेहून लवकर निघाले.
कचेरीचं दार मीच उघडलं, दिवा न लावता बसले.
सहा दहा.
सहा बारा.
यंत्र आपलं गरगरत होतं.
सहा सतराला ओळ आली,
फेरीबोट चुकली असेल त्याची.

आजच्या फेऱ्या?

मी काही केलं नाही.
शून्य ओळी जाताना पाहिल्या.